मऊ खेकड्यासाठी घर: कमी खर्चातलं व्हिव्हेरियम

मी रात्रपाळी करते. पहाटे घरी आले की मोठा दिवा न लावता आधी माझ्या व्हिव्हेरियमपुढे, म्हणजे प्राण्यांसाठी मांडलेल्या काचेच्या टाकीपुढे बसते, कारण माझे खेकडे नेमके त्याच वेळी बाहेर फिरत असतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे माझा पहिला खेकडा मला जुन्या कवचातून अर्धा बाहेर आलेला दिसला. पाठ आणि मागचे पाय सुटले होते, नांग्या आतच अडकल्या होत्या, आणि तो मेलेला होता. टाकी दिसायला सुंदर होती. गुळगुळीत गोटे होते, शेवाळ होतं, एका कोपऱ्यात छोटासा धबधबाही होता. पण झाकण सगळं जाळीचं होतं, माती वरून कोरडी पडली होती, आणि लपायला एकच जागा होती. ती दुसऱ्या खेकड्याने बळकावली होती.

खेकड्याला वाढायचं असेल तर जुनं कवच टाकावंच लागतं. ते टाकताना आणि टाकल्यावरचे काही दिवस तो लोण्यासारखा मऊ असतो. त्याला पळता येत नाही, नांगी उगारता येत नाही, हवा कोरडी असेल तर कवचातून नीट सुटताही येत नाही. त्या पहाटेपासून टाकीत कुठलीही वस्तू ठेवण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: मऊ पडलेल्या खेकड्याला हिचा काय उपयोग? या प्रश्नाने खर्चही आपोआप खाली आला. धबधबा गेला, रंगीत खडी गेली, मागे चिकटवायचे खडकाचे देखावे गेले. राहिली ती ओल, खोल माती, भरपूर आडोसे आणि घट्ट झाकण. हे सगळं कसं जमवायचं ते सांगते.

कोणता खेकडा

मी पाळते ते जिओसेसार्मा प्रजातीतले खेकडे. हौशी लोकांमध्ये ते ‘व्हॅम्पायर क्रॅब’ या नावाने ओळखले जातात. नाव पडलं ते चकाकणाऱ्या पिवळ्या डोळ्यांवरून, रक्ताशी त्यांचा काही संबंध नाही. पाठ जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद. जांभळ्या अंगाचा जिओसेसार्मा डेनेर्ले आणि केशरी छटेचा जिओसेसार्मा हागेन या दोन जाती मूळच्या जावा बेटावरच्या. गंमत अशी की हे खेकडे लोकांच्या टाक्यांत आधी पोचले आणि शास्त्रीय नावं त्यांना नंतर मिळाली. पीटर एनजी, क्रिस्टोफ शुबार्ट आणि ख्रिस लुखाउप या संशोधकांनी २०१५ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं.

कमी खर्चाच्या टाकीला हेच खेकडे योग्य, याला दोन कारणं आहेत. एक तर ते लहान राहतात. दुसरं, त्यांना समुद्र लागत नाही. जमिनीवर राहणाऱ्या पुष्कळ खेकड्यांची पिल्लं अळीच्या अवस्थेत समुद्रात वाढतात, त्यामुळे मोठ्यांनाही कधी ना कधी खाऱ्या पाण्याकडे जावं लागतं. जिओसेसार्माच्या अंड्यातून मात्र थेट इवलासा, पूर्ण बनलेला खेकडा बाहेर येतो. गोडं पाणी आणि ओली माती यांत त्यांचा सगळा जन्म निघतो.

विकत घेताना एक घोळ हमखास होतो. लाल नांग्यांचे ‘रेड क्लॉ’ खेकडे गोड्या पाण्यातल्या माशांच्या टाकीत ठेवून विकले जातात. ते दिसतात छान, पण त्यांना निमखारं पाणी लागतं, पाण्याबाहेर यायला जमीन लागते आणि जागाही जास्त लागते. या लेखातली टाकी त्यांच्यासाठी नाही. तसंच ओढ्याकाठी सापडलेला खेकडा उचलून आणू नका. तो कोणत्या जातीचा, किती वाढणार, अंगात कोणते परजीवी घेऊन आला, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं, आणि कित्येक ठिकाणी तसं पकडणं कायद्यात बसत नाही. शक्य असेल तर टाकीत जन्मलेलेच खेकडे घ्या. रानातून पकडून आणलेले बहुधा प्रवासातच खंगलेले असतात, आणि आपल्याकडे आल्यावर पहिलंच कवच टाकताना मरू शकतात.

टाकी: इथे पैसे वाचवा

चार खेकड्यांसाठी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच टाकी पुरते. उंचीपेक्षा तळाचा पसारा महत्त्वाचा. नवी काच घ्यायची अजिबात गरज नाही. माझी सध्याची टाकी शेजारच्यांनी टाकून द्यायला काढलेली होती, वरच्या काठाला चीर गेल्यामुळे. माशांसाठी ती निरुपयोगी होती. पण आपल्याला पाणी भरायचंय तळाशी पाच सेंटिमीटर, त्यामुळे वरच्या काठावर भार असा येतच नाही. चिरेवरून सिलिकॉनचा पातळ थर फिरवला, धारदार कडा झाकली, काम झालं. चीर किंवा गळती तळाशी असेल तर मात्र मोह आवरा.

जुनी टाकी आणली की आधी गरम पाण्याने घासून धुवा, साबण लावू नका. मग वर्तमानपत्रावर ठेवून दहा सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. कागद ओला झाला तर कुठून झाला ते लगेच दिसतं. सांधे भरायचे असतील तर मत्स्यालयाला चालणारंच सिलिकॉन घ्या. न्हाणीघरासाठी मिळतं त्यात बुरशीनाशक मिसळलेलं असतं, ते खेकड्यांना घातक. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

काचेची टाकी मिळालीच नाही तर साठवणीचा पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा चालतो, आणि मी तर म्हणेन, ओल धरून ठेवायला तो काचेपेक्षा सोपा. कोपऱ्यात सिलिकॉनची रेघ नसते, त्यामुळे खेकड्यांना चढायलाही पकड मिळत नाही. तोटा एकच, काही महिन्यांत ओरखडे पडून आतलं धूसर दिसू लागतं. मला बघायचं असतं, म्हणून मी काचेकडे वळले.

झाकण: इथे वाचवू नका

खेकडा काच चढू शकत नाही, हे खरं. पण काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन तो चढतो, थर्मामीटरची वायर चढतो, वाढलेल्या वेलीवरून तर आरामात जातो. बोटभर फट त्याला दरवाजासारखी असते. माझी एक मादी वायरीच्या खाचेतून निघाली होती. ती सापडली कपाटाखाली, धुळीत माखलेली, आणि ती वाचली केवळ त्या दिवशी मी लवकर घरी आले म्हणून.

झाकणाचा मोठा भाग काचेचा किंवा अॅक्रिलिकचा ठेवा आणि एका कडेला तीन-चार सेंटिमीटर रुंदीची जाळीची पट्टी बसवा. हवा खेळायला तेवढी पुरते. सगळं झाकण जाळीचं केलं की ओल उडून जाते, आणि सगळं बंद केलं की हवा कोंदते, काचेवर बुरशी धरते. जाळी स्टेनलेस स्टीलची असू द्या. तांब्या-पितळेची नको, जस्ताचा मुलामा दिलेलीही नको, कारण तिच्यावरचं पाणी टपकून टाकीत पडतं आणि हे धातू खेकड्यांना विषासारखे असतात. वायर जिथून जाते ती खाच स्पंजचा तुकडा दाबून बुजवा. शेवटी झाकणावर वजन ठेवा किंवा दोन क्लिपा लावा. दोन सेंटिमीटरचा खेकडा सैल झाकण उचलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जमीन आणि पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण कवच टाकायला खेकडा इथेच जाणार आहे.

आधी तो श्वास कसा घेतो ते समजून घेतलं की बाकीचं आपोआप पटतं. जमिनीवर राहत असला तरी त्याला कल्लेच असतात आणि ते ओले असतील तरच चालतात. या कुळातल्या खेकड्यांच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना बारीक केसांची जाळी असते. कल्ल्यांतलं पाणी तोंडाजवळून बाहेर येतं, त्या जाळीवरून पसरत पायांच्या बुडाकडे जातं, वाटेत हवेतला ऑक्सिजन घेतं आणि परत कल्ल्यांत शिरतं. तेवढंच पाणी पुन्हापुन्हा वापरलं जातं. हवा कोरडी असली की ते आटतं, घट्ट होतं, तोंडाशी फेस येऊ लागतो. खेकडा फेसाळलेला दिसला तर त्याला ओलीची गरज आहे असं समजा.

टाकीचा दोन तृतीयांश भाग जमीन, एक तृतीयांश पाणी. दोन्हींमध्ये भिंत लागते. काच कापून आणण्यापेक्षा मी चपटे गोटे एकावर एक तिरके रचले आणि त्यांच्या मागे प्लास्टिकची बारीक जाळी उभी केली. दगड थेट काचेच्या तळावर टेकलेले हवेत. मातीवर ठेवलेल्या दगडाखाली खेकडा बीळ करतो आणि दगड त्याच्यावर बसतो.

जमिनीच्या बाजूला सगळ्यात खाली जाडी खडी, सहा सेंटिमीटर. पाणी पाच सेंटिमीटर असणार, म्हणून खडी त्याहून एक सेंटिमीटर उंच. एवढ्या एका सेंटिमीटरमुळे माती पाण्यात बुडत नाही, खालून ओल मात्र शोषत राहते. खडीवर प्लास्टिकची जाळी अंथरा, म्हणजे माती खाली गळणार नाही. जाळीच्या कडा काचेला टेकू द्या. त्यावर माती दहा सेंटिमीटर, निदान आठ. माझं मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा), एक भाग धुतलेली बारीक वाळू, एक भाग साधी बागेतली माती. मातीत खत, कीटकनाशक किंवा पांढरे पर्लाइटचे दाणे नसावेत. कुंड्यांसाठी तयार मिळणाऱ्या मिश्रणांत बहुधा काहीतरी घातलेलं असतंच, त्यामुळे पिशवीवर काय लिहिलंय ते वाचा.

ओल बरोबर आहे का ते मुठीने कळतं. माती मुठीत घट्ट दाबा. लाडू वळला गेला आणि बोटांतून एखाद-दोन थेंब आले की झालं. धार लागली तर जास्त ओली, लाडू फुटला तर कोरडी. मग त्या मातीत बोट खुपसून भोक पाडा आणि पाच मिनिटांनी बघा. भोक जसंच्या तसं राहिलं तर त्यात बीळ टिकेल. ढासळलं तर बागेतली माती थोडी वाढवा. मऊ पडलेल्या खेकड्याच्या अंगावर छत कोसळलं तर तो उठू शकत नाही, म्हणून ही परीक्षा मी कधी चुकवत नाही.

पाण्याच्या बाजूला तळाशी थोडी वाळू. बाहेर यायला दोन वेगवेगळ्या वाटा हव्यात, एक उतरता दगड आणि एक फांदी. खेकडा पाण्यात काही काळ राहू शकतो, पण पाणी साचलेलं, शिळं असेल आणि वर येता येत नसेल तर तो गुदमरतो. मी पंप वापरत नाही. आठवड्याला एक तृतीयांश पाणी रबरी नळीने काढते आणि नवं भरते. डासांच्या बऱ्याच अळ्याही त्यात निघून जातात. तुम्हाला एवढी शिस्त जमणार नसेल तर एअर पंपावर चालणारा छोटा स्पंज फिल्टर लावा. तो स्वस्त असतो आणि त्यात पाय अडकत नाही.

आडोसे, पानं, रोपं

नियम असा, खेकड्यांच्या दुप्पट आडोसे. चार खेकड्यांना आठ. फुटक्या मातीच्या कुंडीचे तुकडे, नारळाच्या अर्ध्या करवंट्या, झाडाच्या सालीचे वाकलेले तुकडे, सगळं चालतं. काही ओल्या मातीवर, काही पाण्याकाठी, एक-दोन उंचावर फांद्यांत. सगळे आडोसे एकाच बाजूला असले तर दांडगा नर ती बाजूच आपली करतो. फांद्या आणि साली अर्धा तास उकळून घ्या. चीक किंवा राळ असलेलं लाकूड, पाइनसारखं, वापरू नका.

वाळलेली पानं हा माझ्या टाकीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा भाग आहे. पानांचा दोन-तीन थरांचा पाचोळा ओल धरतो, खेकडे त्याच्याखालून फिरतात, त्यालाच कुरतडून खातात, आणि मऊ झालेला खेकडा त्याच्याखाली कोणाला दिसत नाही. देशी बदामाची मोठी पानं उत्तम, ती पाण्यात टाकली की पाण्याला तपकिरी रंग येतो, त्याने काही बिघडत नाही. झाडावरून आपोआप गळलेली, तपकिरी झालेली पानंच घ्या, आणि रस्त्याकडेच्या किंवा फवारणी केलेल्या झाडाची नकोत. गरम पाण्यातून काढून घातली की पुरे.

रोपांसाठी मनी प्लांटच्या दोन काड्या पाण्यात मुळं सोडून ठेवल्या तरी काम भागतं. पाण्यात साठणारं नायट्रेट त्यांची मुळं ओढून घेतात. दगडांवर जावा मॉस पसरतो, ओला ठेवला तर पाण्याबाहेरही जगतो. रोपवाटिकेतून आणलेलं कुठलंही रोप मूळची माती झटकून, नीट धुऊन, महिनाभर वेगळं ठेवा. त्याच्यावर फवारलेलं औषध आपल्याला दिसत नाही.

उजेडासाठी साधा एलईडी दिवा आठ-दहा तास, तोही रोपांसाठी. टाकीवर ऊन पडू देऊ नका, बंद काचेच्या पेटीत तापमान बघता बघता चढतं. खोलीचं तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस राहत असेल तर हीटर नको. थंडी जास्त असेल तर तापणारी चटई टाकीच्या बाजूच्या काचेला लावा, थर्मोस्टॅटसकट. तळाखाली लावली तर गारव्यासाठी खाली बीळ करणारा खेकडा उलट भाजतो.

पाणी आणि हवा

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. बादलीत एक दिवस उघडं ठेवलं की तो उडून जातो. काही ठिकाणी मात्र क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते नुसतं ठेवून जात नाही. तिथे मत्स्यालयासाठी मिळणारं क्लोरीन घालवण्याचं औषध वापरावं लागतं. तुमच्याकडे काय घालतात ते पाणीपुरवठ्याच्या लोकांना विचारा. माशांच्या रोगांवरची तांबं असलेली औषधं या टाकीच्या आसपासही नकोत. खेकड्याच्या रक्तात तांबं असतंच, पण वरून जास्तीचं गेलं की ते विष होतं.

हवेचं मला जास्त भय वाटतं. डास पळवणारी कॉइलं, विजेवर चालणाऱ्या बाटल्या, झुरळांचे फवारे यांत बहुधा पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं असतात. खेकडा आणि कीटक दूरचे भाऊबंद, दोघंही संधिपाद. जे झुरळाला मारतं ते खेकड्याला त्याहून लवकर मारू शकतं. टाकी असलेल्या खोलीत मी यातलं काहीही वापरत नाही, मच्छरदाणी लावते. हात घालण्याआधी साबण, मलम, अत्तर पूर्ण धुऊन काढा. माझ्या कामात रात्रभर हाताला जंतुनाशक लागतं, त्यामुळे मी कोपरापर्यंत साध्या पाण्याने तीनदा हात धुते.

हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर हवी. ती मोजायला स्वस्तातला डिजिटल हायग्रोमीटर घेतला तर तो खरं सांगतो का ते घरीच तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यात थोडंसंच पाणी घाला, मीठ ओलसर रबडीसारखं हवं, विरघळायला नको. ते बुच आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आठ-दहा तास ठेवा. पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमचं यंत्र ७० दाखवत असेल तर ते पाच टक्के कमी सांगतं, एवढं लक्षात ठेवायचं. माझ्या पहिल्या टाकीत यंत्राचा काटा ७५ वर होता, प्रत्यक्षात टाकीतली आर्द्रता ६० च्या आसपास होती. त्या मेलेल्या खेकड्याचा विचार करताना मला हा आकडा अजून टोचतो.

सहा आठवडे रिकामी टाकी

सगळं मांडून झालं की खेकडे आणायचे नाहीत. सहा आठवडे टाकी तशीच चालवा. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, पण हा भाग फुकट आहे आणि तो वगळल्याचा परिणाम मी एकदा पाहिला आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत ओल्या लाकडावर पांढरी बुरशी येते. घाबरू नका. त्या वेळी मातीत स्प्रिंगटेल सोडा. हे खसखशीएवढे पांढरे, उड्या मारणारे जीव बुरशीवर जगतात आणि पुढे खेकड्यांची विष्ठा, उरलेलं अन्न यांचाही निकाल लावतात. हौशी लोक एकमेकांना त्यांची मूठभर माती सहज देतात. सोबत बारीक पांढरे आयसोपॉड, म्हणजे ओल्या मातीत राहणारे छोटे कवचधारी जीवही टाकता येतात. खेकडे त्यातले काही खातील, ते चालतंच. पाण्यातही याच काळात जिवाणू वसतात, जे विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. त्यांना खायला मिळावं म्हणून मी रिकाम्या टाकीच्या पाण्यात दर दोन-तीन दिवसांनी माशांच्या खाद्याचे चार दाणे टाकते.

याच दिवसांत टाकीचा स्वभाव कळतो. रोज एकदा आर्द्रता आणि तापमान लिहून ठेवा. किती दिवसांनी फवारा लागतो, कोणता कोपरा आधी वाळतो, काच कधी धूसर होते, हे खेकडे यायच्या आधी माहीत असलं पाहिजे. माझ्या टाकीचा जाळीकडचा कोपरा आधी वाळायचा, म्हणून जाळी मी पाण्याच्या बाजूला फिरवली.

खेकडे येतात

एक नर आणि तीन माद्या, यापेक्षा जास्त नाही. दोन नर एवढ्या जागेत एकमेकांचे पाय तोडतात. ओळखायला सोपं आहे. खेकड्याला पारदर्शक डब्यात ठेवून खालून बघा. पोटाला दुमडून चिकटलेली झडप नराची अरुंद, निमुळती असते, मादीची रुंद, गोलसर. पायाला धरून कधीही उचलू नका, तो पाय सोडून पळेल.

डबा टाकीत आडवा ठेवा, उघडा, आणि त्यांचे ते बाहेर येऊ द्या. आठवडाभर ते दिसणार नाहीत. शोधायला दगड उचलू नका.

पाचोळा हे त्यांचं रोजचं खाणं. एक दिवसाआड संध्याकाळी मी वरून थोडं काही देते, सुकवलेले किडे, माशांच्या खाद्याचा एखादा दाणा, उकडलेल्या गाजराचा नखाएवढा तुकडा. मांसाहार अगदीच कमी पडला तर ते एकमेकांवर उठतात, आणि पहिला बळी मऊ असलेल्याचा जातो. सकाळी उरलेलं काढून टाका. समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा कायम ठेवा, कवच कठीण व्हायला लागणारा कॅल्शियम त्यातून मिळतो. तो नसेल तर अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, कुटून ठेवा.

मादीच्या झडपेखाली काही डझन मोठी अंडी दिसली तर तिला त्रास देऊ नका. पिल्लं काही मिलिमीटरचीच असतात, त्यामुळे झाकणाच्या जाळीची भोकं आधीच एक मिलिमीटरहून बारीक असली तर बरं. ती पाचोळ्यातच वाढतात, स्प्रिंगटेल खातात. मोठ्यांनी काही खाल्ली तर खाल्ली, सगळी वाचवायची असतील तर वेगळा डबा करावा लागेल.

ती रात्र

कवच टाकायच्या आधी खेकडा खाणं सोडतो, रंग मळकट दिसतो, दिवसेंदिवस बिळात किंवा करवंटीखाली बसून राहतो. आधी तुटलेला पाय असेल तर तिथे छोटा कोंब दिसतो, पुढचा पाय त्यातच दुमडलेला असतो. या काळात तो जुन्या कवचातला कॅल्शियम अंगात ओढून घेत असतो. तुम्ही करायचं एवढंच: रोज हलका फवारा, पाण्याची पातळी राखणं आणि बाकीच्यांना पोटभर खाऊ घालणं. टाकीत काहीही हलवू नका, साफसफाई पुढे ढकला. तो कुठे आहे हे कळावं म्हणून मी काचेवर बाहेरून कागदाची चिकटपट्टी लावते आणि तारीख लिहिते.

कवच पाठीमागून उकलतं आणि खेकडा उलटा, मागे सरकत त्यातून बाहेर येतो. पाय, नांग्या, डोळ्यांच्या दांड्यांवरचं आवरण, सगळं साच्यासारखं मागे राहतं. बाहेर आल्यावर तो पाणी शोषून फुगतो, आणि मग त्या वाढलेल्या मापावर नवं कवच हळूहळू कठीण होतं. लहान खेकड्यांत हे वारंवार होतं, मोठ्यांत कमी.

सकाळी तुम्हाला काचेजवळ एक निश्चल खेकडा दिसेल आणि काळजात धस्स होईल. एकदा तर माझ्या हातात चिमटा होता, तो काढून टाकायला मी निघाले होते. थांबा आणि दोन गोष्टी बघा. पाठीमागे आडवी उकललेली फट आहे का, आणि डोळे आतून पोकळ, काचेसारखे दिसतात का. मेलेल्या खेकड्याला एका दिवसात सडक्या माशासारखी घाण सुटते, रिकाम्या कवचाला वास येत नाही. कवचच असेल तर ते उचलू नका. त्याचा मालक करवंटीखाली मऊ अंगाने बसलाय, आणि ताकद आली की तो बाहेर येऊन ते खाणार आहे, कारण त्यातला कॅल्शियम त्याचाच आहे. माझ्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानांवर फक्त नांगीचं एक टोक उरलेलं असतं.